लहान तळ्यातला मोठा बास धरायचा की नाही?

गळेपडू | रविवार, रात्री १०:४२

मंडळी, एक वाद आहे. इथे मिटेल असं वाटतंय. (मिटणार नाही हेही माहीत आहे.)

आमची वसाहत डॅलसच्या उत्तरेला. बिल्डरने पावसाचं पाणी अडवायला एक तळं खणून ठेवलंय, जेमतेम एकरभर. मधोमध कारंजं, कडेने चालायची वाट, बदकं, आणि ‘मासे पकडा, पण परत सोडा’ अशी पाटी. कामावरून आलो की जेवणाआधी तासभर रॉड घेऊन तिथे उभा राहतो. एरवी वीत-दीड वीत लांबीचे बास (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) मिळतात. रोडावलेले, डोकं मोठं नि पोट खपाटीला.

परवा दिवेलागणीला, पावसाचं पाणी जिथून आत येतं त्या सिमेंटच्या पाइपाच्या तोंडाशी रबरी किडा टाकला. वजन न लावता, म्हणजे तो सावकाश बुडतो. ठोका वगैरे काही जाणवला नाही. लाईन नुसतीच आडवी चालायला लागली. हिसका दिला, रॉड वाकला आणि पुढचा काही वेळ रीलने माझं ऐकणं सोडून दिलं. काठाशी आला तेव्हा त्या उघड्या तोंडात माझी मूठ सहज मावली असती. पट्टीवर साडेतेवीस इंच, काट्यावर ७ पौंड १० औंस. फोटो काढला आणि परत पाण्यात.

फोटो आमच्या मासेमारीच्या ग्रुपवर टाकला. तिथे एक बोटवाले दादा आहेत. त्यांचा निकाल: “छान आहे रे, पण तळ्यातला धरत नाहीत.” झालं. ग्रुपवर जी यादी ठेवतात, ज्याचा त्याचा सगळ्यात मोठा मासा, त्यात माझ्या नावापुढे अजून तलावातला ४ पौंडांचाच आहे.

तुम्ही सांगा. यादीत धरायचा की नाही?

पुणेरी_काटा | रविवार, रात्री १०:५१

मासा पाण्यात होता ना? मग धरा. रस्त्यावर मिळाला असता तर वेगळा धागा काढावा लागला असता.

खादाड_खंडू | रविवार, रात्री १०:५८

सोडून दिला????

साडेसात पौंड म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो. डोक्याचं कालवण, मधल्या तुकड्या तळायला, शेपटीकडचं शेजाऱ्यांना. मी हा धागा उपाशीपोटी उघडायला नको होता.

फोर्कवासी | रविवार, रात्री ११:२०

तो बोटवाला दादा मी नाही, पण माझं मत तेच आहे. जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

मी इथल्याच, टेक्सासातल्या लेक फोर्कला जातो. हा जलाशय २७,००० एकरांचा. तिथे मासा लागण्याआधी तो शोधावा लागतो आणि नव्वद टक्के काम तेच असतं. वारा कुठून आहे, पाण्याचं तापमान काय, मासे अंडी घालायला उथळ्यावर आलेत की अजून खोलात आहेत, बुडालेल्या झाडांच्या कुठल्या रांगेला चिकटलेत. दिवसभर बोटीवरच्या, मासे दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघून डोळे जातात आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने बोट ट्रेलरवर चढवावी लागते. हे झाल्यावर जो सात पौंडांचा लागतो, तो तुम्ही शोधलेला असतो.

एकरभर तळ्यात मासा जाऊन जाऊन जाणार कुठे? दहा मिनिटांत तुमची प्रदक्षिणा पूर्ण होते. आज नाही तर उद्या तो तुमच्या किड्यासमोर येणारच. अभिनंदन आहेच, मासा सुंदर असणार. पण गल्लीत सेंच्युरी मारली म्हणून ती कोणी रणजीच्या रेकॉर्डला लावत नाही.

पुणेरी_काटा | रविवार, रात्री ११:२६

गल्लीत एक टप्पा आउट असतं, जोशीकाकूंची खिडकी असते आणि बॅट ज्याची त्याची आई हाक मारेपर्यंतच मॅच असते. रणजीवाल्यांनी दहा धावा काढून दाखवाव्यात.

गळेपडू | रविवार, रात्री ११:३९

फोर्कवासी, राग कसला. पण ‘आज नाही तर उद्या येणारच’ हे कुणी सांगितलं? या तळ्याभोवती दीडशे घरं आहेत. शाळा सुटली की पोरं रॉड घेऊन हजर. हा मासा इतकी वर्षं रोज समोरून रबरी किडे, पत्र्याचे चमचे, खोटे बेडूक जाताना बघत मोठा झालाय. फोर्कच्या माशाला आठवड्यातून एखादं ल्युअर, म्हणजे असलं खोटं आमिष, दिसत असेल, याला दिवसाला पन्नास दिसतात.

पीचट्री_ताई | सोमवार, सकाळी ७:१२

जॉर्जियातून लिहितेय, त्यामुळे हा विषय सोडवत नाही.

लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम आमच्या राज्यातला आहे. २ जून १९३२. जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी पोरगा. आदल्या पावसाने शेतात पाय घालवेना, म्हणून मित्राला घेऊन मासे धरायला गेला. मंदीचे दिवस. दोघांत मिळून एकच ल्युअर होतं असं सांगतात. मासा निघाला २२ पौंड ४ औंसांचा. हेलिना गावच्या पोस्टात वजन केलं, कारण भरवशाचा काटा तिथे होता. एका मासिकाच्या स्पर्धेत नाव पाठवलं, ७५ डॉलरचं सामान बक्षीस मिळालं. आणि मासा? घरी नेऊन खाल्ला. (खंडू, जीव शांत झाला?)

आता मुद्दा. हा मासा कुठे लागला? मॉन्टगोमेरी लेक. नाव ‘लेक’, पण शाळेत भूगोलात नालाकृती सरोवर शिकलो ना, ते. ऑक्मुल्गी नदीने वाट बदलली आणि मागे उरलेला पाण्याचा तुकडा. आज तो गाळाने भरून गेलाय. तिथे कोणाची बोट नव्हती, स्क्रीन नव्हता. ९० वर्षांहून जास्त काळ सगळे त्या आकड्याच्या मागे आहेत आणि ‘पण पाणी लहान होतं’ असं म्हणून तो कोणी खोडलेला नाही.

खादाड_खंडू | सोमवार, सकाळी ७:३०

पेरी हा माझा नवा आदर्श.

मत्स्यपदवीधर | सोमवार, सकाळी ९:०५

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचा, सध्या अलाबामात. इथे ऑबर्न विद्यापीठात होमर स्विंगल नावाच्या माणसाने १९३०च्या दशकापासून शेततळ्यांत बास आणि ब्लूगिल (बासचं खाद्य होणारा छोटा मासा) एकत्र कसे वाढवायचे यावर आयुष्य घालवलं. अमेरिकाभर शेततळ्यांत हीच जोडी दिसते, त्याचं बरंचसं श्रेय त्याला. तेव्हा थोडं शास्त्र.

बासचं एक पौंड वजन वाढायला साधारण दहा पौंड खाद्य-मासे पोटात जावे लागतात, हा ढोबळ हिशेब. एकरभर तळ्यात ब्लूगिल किती तयार होणार? मर्यादितच. त्यामुळे लहान तळ्यात दोनच शक्यता असतात. बास फार झाले तर ते खाणं पुरत नाही म्हणून दहा-बारा इंचांवर खुंटतात. गळेपडूंनी लिहिलंय ना, डोकं मोठं नि पोट खपाटीला, ते नेमकं हेच लक्षण. बास थोडे असले तर ते गलेलठ्ठ होतात.

म्हणजे हे तळं खुंटलेल्या बासांचं आहे. आणि त्यात ही एक साडेसात पौंडांची. (‘ही’ म्हणतोय, कारण एवढा बास जवळजवळ नेहमी मादी असतो. नर इतके वाढत नाहीत.) ती कधीतरी बाकीच्यांच्या पुढे गेली, तोंड मोठं झालं, आणि मग दहा इंची बास हेच तिचं खाद्य झालं. आपल्याच जातीला खाऊन वाढलेली आहे ती. अशा तळ्यात असे मासे एक किंवा दोन असतात. तेव्हा फोर्कवासी, ‘जाणार कुठे’ हे खरं, पण फोर्कमध्ये सात पौंडांचे हजारो आहेत. इथे ती एकटी होती.

आणखी एक. तिला एवढं व्हायला सात-आठ वर्षं तरी लागली असतील. वसाहत कधी झाली?

गळेपडू | सोमवार, दुपारी १२:१५

वसाहत २०१४ची. आम्ही नंतर आलो. मासे कोणी टाकले ते माहीत नाही. शेजारी म्हणतो बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून आली.

पुणेरी_काटा | सोमवार, दुपारी १२:१९

बगळ्याला वसाहतीचं मेंटेनन्स लागू आहे का?

बोर्डावर_बसलेला | सोमवार, दुपारी १:४०

बगळा नव्हे, बादली. मी दुसऱ्या राज्यातल्या अशाच एका वसाहतीच्या बोर्डावर आहे. आमच्या तळ्यात तीन प्रकारे मासे आले. शेवाळ खायला बोर्डाने गवत्या मासे आणवले. डासांसाठी बारके मासे टाकले. आणि उरलेलं सगळं रहिवाशांनी रात्री गुपचूप बादलीतून. एकाने तर फिश टँक विकायला काढला तेव्हा त्यातले गोल्डफिशही ओतले. ते आता बुटाएवढे झालेत.

आणि तळ्याची कटकट विचारू नका. लॉनला घातलेलं खत पावसात वाहून तळ्यात येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, मग एखाद्या ढगाळ आठवड्यात शेवाळ एकदम मरतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी सगळे मोठे मासे पांढरं पोट वर करून तरंगत असतात. आधी मोठे मरतात, लहान तगतात. त्या कारंज्याला लोक शोभा समजतात. ते मुख्यतः हवेसाठी आहे आणि त्याच्या विजेच्या बिलावर दर वार्षिक सभेत भांडण होतं. गळेपडू, तुमची मादी जगली ती त्या बिलावर.

खादाड_खंडू | सोमवार, दुपारी १:५२

म्हणजे खत आणि औषधं त्यात. मग सोडला तेच बरं. घेतो शब्द मागे.

मत्स्यपदवीधर | सोमवार, दुपारी २:१०

खंडू, बरोबर. शिवाय शिकार करून जगणारा मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका त्याच्या अंगात पारा जास्त साठलेला. खायचेच असतील तर लहान बास खावेत आणि खुंटलेल्या तळ्यातून ते काढणं तळ्याच्याही हिताचंच. पाटी नेमकं उलटं सांगते, पण पाटी लावणाऱ्यांशी कोण भांडणार.

सात्त्विक_सुमन | सोमवार, सायं. ६:०३

मला एक कळत नाही. खायचा नाही, विकायचा नाही, मग त्या मुक्या जिवाच्या तोंडात काटा अडकवून फोटो काढायचा आणि सोडायचा, यात पुरुषार्थ कसला? मोठ्या तळ्यात केलं काय नि लहान तळ्यात केलं काय.

तळकोकणी | सोमवार, रात्री ८:३०

सुमनताईंचा मुद्दा मला पटतो म्हणूनच मी सोडत नाही, खातो. :)

पण विषय लहान पाण्याचा निघालाय तर आमच्याकडचं सांगतो. आमच्याकडे बास नाही, मरळ आहे. मोठं धरण कशाला, शेताच्या कडेची कोंड, विहीर, पावसाळ्यात तुंबलेला पऱ्ह्या, यात मरळ राहते. वर येऊन हवा घेते, त्यामुळे सडक्या पाण्यातही जगते. आणि गावात कुठल्या कोंडीत केवढी मरळ आहे हे पोराटोरांना ठाऊक असतं. अमक्याच्या विहिरीतली, तमक्याच्या बांधाखालची. दोन-दोन वर्षं लोक तिच्या मागे असतात. जिवंत बेडूक लावून, पहाटे, काठावर सावली पडू न देता. तिला पावलांचा आवाज जमिनीतून कळतो. शेवटी एखाद्याला लागली की अख्खी वाडी बघायला येते. तिथे कोणी विचारत नाही की बाबा, विहीर किती फुटांची होती.

फक्त एक पाळतात. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर फिरताना दिसला की त्याच्याखाली आई-बाप असतात. तेव्हा ती हमखास बेडकावर झेप घेते, भुकेने नव्हे, रागाने. तेव्हा गळ टाकायचा नाही. टाकणारे टाकतात, पण ती मरळ कोणी मिरवत नाही.

फोर्कवासी | सोमवार, रात्री ९:११

तळकोकणी, शेवटचा परिच्छेद आवडला. इथेही वसंतात हाच वाद असतो. पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की बास उथळ्यावर घरटं करतात, काठावरून चक्क दिसतात, आणि नर अंड्यांजवळ येणाऱ्या कशावरही धावून जातो. काही जण धरतात, काही जण धरत नाहीत. मी धरतो आणि लगेच तिथल्या तिथे सोडतो. पण त्यावर स्वतंत्र धागा होईल, इथे नको.

पेरीचं उदाहरण मात्र मला लागू वाटत नाही. तो नदीचा तुकडा होता, पुराच्या पाण्याने नदीशी जोडला जाणारा. बिल्डरचं तळं म्हणजे बादली.

बिवाकाठ | मंगळवार, पहाटे ४:४५ (इथे संध्याकाळ आहे)

जपानमधून नमस्कार. पेरीच्या विक्रमाची दुसरी बाजू आमच्या दारात आहे.

२ जुलै २००९ला मानाबू कुरिता या माणसाने बिवा सरोवरात बास धरला. १०.१२ किलो, म्हणजे २२ पौंड ४.९७ औंस. पेरीपेक्षा जवळजवळ एक औंस जास्त. तरीही विक्रम मोडला नाही, बरोबरी धरली गेली, कारण या वजनगटात किमान दोन औंस जास्त असावे लागतात असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. आता बघा, बिवा हे जपानमधलं सगळ्यात मोठं सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटर. आणि मॉन्टगोमेरी लेक म्हणजे नदीने टाकलेला तुकडा. दोघांची नावं एकाच ओळीत. नियमवाल्यांनी औंस बघितले, एकर बघितले नाहीत.

अवांतर: इथे बास हा नकोसा पाहुणा आहे. १९२५मध्ये तो आशी सरोवरात आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. शिगा प्रांतात २००३पासून बिवामध्ये धरलेला बास परत सोडायलाच मनाई आहे. काठावर मासे टाकायला पेट्या ठेवल्यात. ज्या ब्लूगिलचं आमिष लावून कुरितांनी तो मासा धरला, तोही परकाच. १९६०मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाच्या युवराजांना, म्हणजे नंतरच्या सम्राट अकिहितोंना भेट दिलेले ब्लूगिल इथे वाढवायला घेतले गेले आणि ते सगळीकडे झाले. २००७मध्ये बिवाकाठच्या एका समारंभात सम्राटांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

सुमनताई, म्हणजे तुम्ही इथे आलात तर नियमच तुमच्या बाजूचा आहे. सोडायचा नाही.

सात्त्विक_सुमन | मंगळवार, सकाळी ८:२०

माझी बाजू न धरण्याची होती हो.

शेततळंवाला | मंगळवार, सकाळी १०:०२

सांगोल्याकडचा. आमचं शेततळं तीस बाय तीस मीटर, प्लॅस्टिक अंथरलेलं, डाळिंबाच्या पाण्यासाठी. त्यात कटला, रोहू, सायप्रिनस सोडलेत. रोज संध्याकाळी भाताचा कोंडा नि पेंड टाकतो. पावलं वाजली की सगळे काठाला गोळा होतात.

दिवाळीत मेहुणे पुण्याहून येतात, नवा कोरा फोल्डिंग रॉड घेऊन. खाद्य टाकायच्या वेळेलाच गळ टाकतात आणि कणकेच्या गोळीला पाच मिनिटांत कटला. मग फोटो, स्टेटस, ‘मासेमारीचा थरार’. आम्ही काय बोलणार, पाहुणा माणूस. पण तो कटला त्यांनी धरला असं मी तरी म्हणणार नाही. तो जेवायला आला होता.

माझं मत विचाराल तर तळं लहान की मोठं हा प्रश्नच नाही. मासा खाद्यावर पोसलेला आहे की स्वतःच्या हिमतीवर जगलेला, हे बघा. गळेपडूंच्या तळ्यात कोणी खाद्य टाकतं का?

पुणेरी_काटा | मंगळवार, सकाळी १०:०९

पुण्याच्या मेहुण्यांचा अवमान झालेला आहे. बाकी प्रतिसादाला अनुमोदन.

गळेपडू | मंगळवार, दुपारी १२:३३

खाद्य कोणी टाकत नाही. बदकांना पाव टाकतात, तो ब्लूगिल खातात, पण ते सोडा.

शेततळंवाले, तुमची कसोटी पटली. इथे काही खाजगी फार्म आहेत, पैसे भरून जायचं, तिथे बासला गोळ्यांवर वाढवतात. तसल्या ठिकाणचा दहा पौंडी असता तर मीच ग्रुपवर टाकला नसता.

पीचट्री_ताई | मंगळवार, दुपारी १:०५

धरायचं की नाही हे पाण्यापेक्षा कसा धरला यावर ठरतं, याचं एक उदाहरण. कॅलिफोर्नियात एस्कॉन्डिडोजवळ डिक्सन लेक आहे, सत्तरेक एकरांचा. २० मार्च २००६ला मॅक वीकली या माणसाला तिथे २५ पौंड १ औंसाची बास लागली. म्हणजे पेरीच्या किती पुढे बघा! पण काटा तोंडात नव्हता, अंगात बाहेरून अडकला होता. त्याने वजन केलं आणि सोडून दिली. विक्रमासाठी अर्ज केलाच नाही.

जबड्याखाली काळा ठिपका होता म्हणून तिला डॉटी म्हणायचे. तीच मादी २००३मध्ये त्याच्या मित्राला २१ पौंड ११ औंसांची असताना लागली होती. २००८च्या मे महिन्यात ती मेलेली सापडली. सत्तर एकर, सगळ्यांना ठाऊक असलेला एक मासा, वर्षानुवर्षं लोक तिच्याच मागे. तळकोकणींची विहिरीतली मरळच की.

फोर्कवासी | मंगळवार, रात्री ८:४८

सत्तर एकर आणि एक एकर यात फरक आहे, पण असो.

गळेपडू, पोटाचा घेर मोजला होता का? काटे खोटं बोलतात, विशेषतः वीस डॉलरवाले.

गळेपडू | मंगळवार, रात्री ८:५५

मोजला होता. सोळा इंच.

फोर्कवासी | मंगळवार, रात्री ९:०४

लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००. साडेतेवीस गुणिले दोनशे छप्पन्न म्हणजे ६०१६. भागिले ८०० केलं की साडेसात पौंड. काटा दोन औंस जास्त दाखवतोय, तेवढं चालतं. मासा खरा आहे.

पुणेरी_काटा | मंगळवार, रात्री ९:०६

काट्याची बदनामी थांबवा.

मत्स्यपदवीधर | मंगळवार, रात्री ९:४०

फोर्कवासी, आता एक गंमत सांगतो, तुमच्याच जलाशयाची. फोर्कचं धरण १९८०मध्ये झालं. पाणी भरण्याआधी त्या खोऱ्यात शेतकऱ्यांची बरीच तळी होती. टेक्सासच्या मत्स्य खात्याने आधी त्या तळ्यांतले जुने मासे काढून टाकले आणि तिथे फ्लोरिडा जातीचे बास सोडले. ते वाढले, मग धरण भरलं, तळी बुडाली आणि मासे जलाशयात पसरले. १९९२चा तुमचा राज्यविक्रम, १८.१८ पौंडांचा, हा फोर्कचाच. त्या सगळ्या राक्षसांची सुरुवात शेततळ्यांतली आहे. तुम्ही ज्या बुडालेल्या बांधांवर गळ टाकता, ते त्याच तळ्यांचे बांध आहेत.

खादाड_खंडू | मंगळवार, रात्री ९:४३

ओह् हो हो हो.

फोर्कवासी | मंगळवार, रात्री १०:१५

तळ्यांचे बांध माहीत आहेत हो, माझ्या नकाशात खुणा करून ठेवलेत. सोळा ते चोवीस इंचांतला बास तिथे ठेवता येत नाही, सोडावाच लागतो, म्हणून अजून मोठे मिळतात. तळ्यातून सुरुवात झाली म्हणून तळं आणि जलाशय एक होत नाहीत.

पण प्रामाणिकपणे उत्तर द्यायचं तर टेक्सासने हा प्रश्न सोडवलेलाच आहे. राज्याचे विक्रम दोन तक्त्यांत असतात, सार्वजनिक पाण्याचा वेगळा आणि खाजगी पाण्याचा वेगळा. खाजगीतला धरतात, पण त्याच्या रकान्यात. गळेपडूंनी ग्रुपवर दुसरा रकाना मागावा. बोटवाल्या दादांना तिथे नाव घालायला मासाच नसेल, तो त्यांचा प्रश्न.

गळेपडू | मंगळवार, रात्री १०:३१

हे बेस्ट आहे. टाकतो ग्रुपवर.

बोर्डावर_बसलेला | मंगळवार, रात्री १०:५०

टाका, पण तळ्याचं नाव-पत्ता टाकू नका. आमच्याकडे एकाने एक फोटो टाकला, पुढच्या शनिवारी काठावर सतरा अनोळखी माणसं. मग बोर्डाने ‘पाहुणे फक्त रहिवाशासोबत’ असा नियम केला आणि तो पाळला जातो का हे बघायला माझी नेमणूक झाली. आता मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा लोक रॉड लपवतात.

सात्त्विक_सुमन | बुधवार, सकाळी ७:५५

मी वाचतेय सगळं. सोडणारच असाल तर निदान नीट सोडता का? फोटोत त्याला जबड्याला धरून लोंबकळवलेलं बघवत नाही.

मत्स्यपदवीधर | बुधवार, सकाळी ९:२०

सुमनताई, मुद्दा रास्त आहे. लहान मासा जबड्याला धरून उभा ठेवला तर चालतं, पण सात-आठ पौंडांच्या माशाचा सगळा भार जबड्यावर आला तर सांधा दुखावतो आणि मग त्याला खाता येत नाही. एक हात जबड्याला, दुसरा ओला करून पोटाखाली, मासा आडवा. गवतावर किंवा तापलेल्या सिमेंटवर ठेवायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर जातो. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करायची. आणि टेक्सासच्या ऑगस्टमध्ये, पाणी गरम असताना, मोठ्या माशाशी फार वेळ खेळत बसू नये, तो दमूनच मरतो.

नवखी_नेहा | बुधवार, दुपारी ३:१२

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या. मी ऑस्टिनला असते. हा धागा मुलीला वाचून दाखवला (ती सहा वर्षांची आहे) आणि आता तिला मासे धरायचेच आहेत. घरात कोणालाही यातलं काही येत नाही. कुठे न्यावं, काय घ्यावं? कोणी सांगितलं होतं की मोठ्या तलावावर बोट भाड्याने घ्या.

फोर्कवासी | बुधवार, दुपारी ३:४०

बोट अजिबात नको. सहा वर्षांचं पोर अर्ध्या तासात कंटाळतं आणि तलावाच्या मध्यावरून लगेच परत येता येत नाही.

घराजवळचं एखादं लहान तळं बघा. वसाहतीचं किंवा पार्कातलं, सावलीचा काठ, जवळ बाथरूम. सगळ्यात स्वस्त लहान रॉड, बटण दाबून लाईन सुटते तसलं रील. लाल-पांढरं बोंडुक (पाण्यावर तरंगणारा गोळा), त्याखाली फूटभरावर अगदी बारीक काटा, आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा. अख्खं गांडूळ लावू नका, ब्लूगिल कुरतडून नेतात. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. १७ वर्षांच्या आतल्यांना टेक्सासात परवाना लागत नाही, पण तुम्ही स्वतः रॉड धरणार असाल तर तुमचा काढा.

पुणेरी_काटा | बुधवार, दुपारी ३:४४

तळ्यातला धरत नाहीत म्हणे.

फोर्कवासी | बुधवार, दुपारी ३:४९

सहा वर्षांच्या पोरीचा धरतात. तुम्ही किती वर्षांचे?

आणि नेहा, काट्याचा उलटा दात घरीच पकडीने दाबून सपाट करून घ्या. मासाही पटकन सुटतो, आणि बोटात गेला तर बोटही.